यंत्र कोणाचे? : सहा विज्ञानपटांची शिफारस

पक्षाच्या अभ्यासवर्गांत आणि शिबिरांत चित्रपट दाखविण्याची प्रथा जुनी आहे. निवडही बहुधा ठरलेली असते. ‘बॅटलशिप पोटेमकिन’, ‘बायसिकल थीव्ह्ज’, चॅप्लिनचा ‘मॉडर्न टाइम्स’ आणि आपल्याकडचे काही वास्तववादी चित्रपट यांपलीकडे ही यादी सहसा जात नाही. ती चुकीची आहे असे कोणी म्हणणार नाही. परंतु विज्ञानकथेवर उभारलेल्या चित्रपटांचे, म्हणजेच विज्ञानपटांचे नाव कोणी काढले, की ज्येष्ठ कार्यकर्त्यांच्या चेहऱ्यावर हसू उमटते. उडत्या तबकड्या, परग्रहावरचे राक्षस आणि किरणांच्या बंदुका यांचा श्रमिकांच्या चळवळीशी काय संबंध, असा त्या हसण्याचा अर्थ असतो. या प्रकारातील बहुतांश चित्रपट पाहिले तर हा आक्षेप रास्तही आहे. जे थोडे त्याला अपवाद आहेत, त्यांच्याविषयी हा लेख आहे.

‘रोबो’ हा शब्द आज शाळकरी मुलांच्याही तोंडी आहे. चेक नाटककार कारेल चापेक यांच्या १९२० सालच्या नाटकातून तो जगभर गेला. चेक भाषेतील ‘रोबोता’ या शब्दाचा अर्थ सक्तीचे श्रम, आपल्या शब्दांत सांगायचे तर वेठ. यंत्रमानवाची कल्पना जन्मली ती अशी वेठबिगारीच्या पोटी. विज्ञानकथेचा श्रमाशी असलेला संबंध कोणी ओढूनताणून जोडलेला नाही. तो तिच्या मुळातच आहे.

या संबंधाचा विचार आज निकडीचा झाला आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या नावाने कचेऱ्यांतून आणि कारखान्यांतून जे बदल होत आहेत, त्यांच्याविषयी बोलताना आपल्या सभांमधून दोनच सूर ऐकू येतात. एक सूर म्हणतो, यंत्र आले की नोकरी गेली, म्हणून यंत्रालाच विरोध करा. दुसरा म्हणतो, विज्ञानाची प्रगती अटळ आहे, तिच्या आड येणे हा प्रतिगामीपणा. वस्तुतः समाजवादी विचाराने हे दोन्ही सूर फार पूर्वीच ओलांडले आहेत. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी इंग्लंडमधील विणकरांनी यंत्रे फोडली. त्या प्रसंगावर लिहिताना मार्क्सने म्हटले, की यंत्र आणि यंत्राचा भांडवलशाही वापर यांतील फरक ओळखायला कामगारांना काळ आणि अनुभव लागला. गांधीजींनी यंत्रावर कठोर टीका केली, पण शिवणयंत्राला अपवाद मानले. डॉ. लोहियांनी लहान यंत्राचा आग्रह धरला. साठच्या दशकात आयुर्विमा महामंडळाच्या कर्मचाऱ्यांनी संगणकाविरुद्ध लढा दिला, तेव्हाही खरा प्रश्न हाच होता : यंत्र कोणाचे, ते कोणी आणावे, आणि त्यातून वाचलेल्या श्रमाचे फळ कोणाच्या पदरात पडावे? पुढे ज्या सहा चित्रपटांची शिफारस केली आहे, ते सर्व आपापल्या परीने हाच प्रश्न विचारतात. त्यांची उत्तरे मात्र परस्परांशी जुळत नाहीत, आणि अभ्यासवर्गासाठी ही गोष्ट मोलाची आहे.

पहिला चित्रपट १९२४ सालचा सोव्हिएत मूकपट ‘एलिटा’. दिग्दर्शक याकोव प्रोताझानोव. मूळ कादंबरी अलेक्सेई टॉलस्टॉय यांची. (‘युद्ध आणि शांती’चे लेखक ते निराळे.) क्रांतीनंतरच्या मॉस्कोतील लोस नावाचा एक अभियंता मंगळावर जाण्याची स्वप्ने रंगवितो. तेथे मूठभर सत्ताधाऱ्यांचे राज्य आहे आणि कामगार भूगर्भात राबत आहेत. काम नसेल तेव्हा या कामगारांना चक्क शीतगृहात गोठवून ठेवले जाते; गरज पडली की पुन्हा बाहेर काढायचे. राखीव बेकारांच्या फौजेचे याहून बोलके चित्र पडद्यावर क्वचितच आले असेल. लोसबरोबर गेलेला गुसेव हा लाल सेनेचा सैनिक तेथे उठावाची हाक देतो. मंगळाची राणी एलिटा उठावाचे नेतृत्व स्वीकारते आणि सत्ता हाती येताच त्याच कामगारांवर सैन्य सोडते. अलेक्झांड्रा एक्स्टर यांनी घडविलेले मंगळवासीयांचे कोनाकोनांचे पोशाख आजही नवे वाटतात. परंतु चळवळीने लक्षात ठेवावे असे आहे ते वरून मिळालेल्या नेतृत्वाविषयीचा हा इशारा. मंगळाची ही सारी कथा लोसचे दिवास्वप्न ठरते आणि तो यानाचे आराखडे जाळून मॉस्कोतल्या कामाकडे वळतो. हा शेवट काहीसा उपदेशपर वाटतो, हे मान्य करावे लागेल.

दुसरा ‘मेट्रोपोलिस’. जर्मन दिग्दर्शक फ्रिट्झ लांग यांचा हा मूकपट जानेवारी १९२७ मध्ये बर्लिनला प्रथम दाखविला गेला. त्याचे नाव सर्वांना ठाऊक असते; पाहिलेला मात्र थोड्यांनी असतो, आणि अनेक वर्षे कोणालाच तो पूर्ण पाहता येत नव्हता. प्रदर्शनानंतर थोड्याच काळात वितरकांनी त्याचा सुमारे एक चतुर्थांश भाग कापला. २००८ साली ब्युनोस आयर्सच्या चित्रपट संग्रहालयात जवळजवळ पूर्ण अशी एक जीर्ण प्रत सापडली आणि सुमारे २५ मिनिटांचा हरवलेला भाग पुन्हा जोडला गेला. ही जोडलेली आवृत्ती २०१० पासून उपलब्ध आहे. पाहायची तर तीच पाहावी.

वर गगनचुंबी नगर, खाली कामगारांची भूमिगत वस्ती. पाळी बदलताना मान खाली घालून एका लयीत चालणाऱ्या रांगा. घड्याळासारख्या यंत्राचे काटे अंगबळाने पेलणारा आणि थकून कोसळणारा कामगार. ही दृश्ये ज्याने एकदा पाहिली तो विसरणार नाही. आणि तरीही हा चित्रपट डोळसपणे पाहायला हवा. कामगार चिथावणीला बळी पडून यंत्रे फोडतात, आणि त्या पुरात स्वतःचीच मुले बुडण्याची वेळ त्यांच्यावर येते. अखेरीस मालक आणि मुकादम यांचे हस्तांदोलन होते आणि डोके व हात यांच्यामध्ये हृदयाने मध्यस्थी करावी असा संदेश दिला जातो. म्हणजे मालकी जेथे होती तेथेच राहिली. कामगारांच्या वाट्याला फक्त सद्भावना आली. लांग यांनी स्वतः पुढे या शेवटाविषयी नापसंती व्यक्त केली आणि ती एक परीकथा असल्याचे सांगितले. त्यांच्या पत्नी व पटकथालेखिका थेआ फॉन हार्बो यांचा प्रवास अधिक बोधप्रद आहे. त्यांनी पुढे मूळच्या बेळगाव भागातील मराठी पत्रकार आयी गणपत तेंडुलकर यांच्याशी गुप्तपणे विवाह केला, आणि त्या नाझी पक्षाच्या सभासदही झाल्या. लांग १९३३ साली जर्मनी सोडून गेले. श्रमिकांविषयी कळवळा असणे आणि श्रमिकांच्या हक्कांचे राजकारण करणे या दोन गोष्टींत किती अंतर असू शकते, याचा हा एक धडाच आहे.

तिसरा चित्रपट आपल्याकडे फारसा कोणाला माहीत नाही, आणि सहांपैकी एकच पाहणे शक्य असेल तर मी याचीच शिफारस करीन. ‘द मॅन इन द व्हाइट सूट’ हा १९५१ सालचा ब्रिटिश विनोदी चित्रपट. दिग्दर्शक अलेक्झांडर मॅकेंड्रिक, मुख्य भूमिकेत अ‍ॅलेक गिनेस. उत्तर इंग्लंडमधील कापडगिरण्यांत काम करणारा सिडनी स्ट्रॅटन हा रसायनज्ञ असा धागा शोधून काढतो, की जो कधी झिजत नाही आणि कधी मळत नाही. त्याचा पोशाख पांढराशुभ्र असतो, कारण ज्या धाग्यावर मळ बसत नाही त्यावर रंग तरी कसा बसणार? मानवजातीला आपण वरदान दिले अशा आनंदात तो असतो. पण गिरणीमालकांच्या ध्यानात येते, की न फाटणारे कापड एकदा विकले की पुन्हा विकता येणार नाही. कामगारांच्या ध्यानात येते, की कापड पुन्हा लागणार नसेल तर माग बंद पडतील. जे दोन पक्ष एरवी एकमेकांचे तोंड पाहत नाहीत, ते या एका शोधाविरुद्ध एकत्र येतात आणि रात्रीच्या अंधारात चमकणाऱ्या त्या पोशाखामागे सारे गाव धावत सुटते. वाटेत सिडनीला त्याची घरमालकीण भेटते. ती लोकांचे कपडे धुऊन चार पैसे मिळविणारी म्हातारी आहे. धुण्याचे कामच उरले नाही तर मी काय करू, एवढेच ती त्याला विचारते. सिडनीपाशी उत्तर नसते. विनोदी चित्रपटातील हा एक क्षण हसू थांबवितो.

मॅकेंड्रिक यांनी येथे कोणालाही खलनायक करून सोडवणूक करून घेतलेली नाही. शोध चांगला आहे, शोधक निःस्वार्थी आहे, कामगारांची भीतीही खरी आहे. मग गफलत कोठे आहे? टिकाऊ कापड हे ज्या व्यवस्थेत संकट ठरते त्या व्यवस्थेत ती आहे. समाजाला वस्त्र हवे आहे. गिरणीला मात्र विक्री हवी आहे. मुंबईच्या गिरणगावात ज्यांनी काम केले त्यांना हे वेगळे समजावून सांगायला नको. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेल्या संपात सुमारे अडीच लाख कामगार उतरले. पुढच्या काळात गिरण्या एकामागून एक बंद पडत गेल्या, आणि कापडापेक्षा गिरणीखालची जमीन अधिक मोलाची ठरली. तेथे न झिजणारा धागा कोणी शोधला नव्हता. तरीही माग थांबले. तेव्हा यंत्र किंवा शोध हा बेकारीचे निमित्त होतो, कारण नव्हे, हा मुद्दा या हसऱ्या चित्रपटावरून दीड तासात जितका स्पष्ट होईल तितका आपल्या पुस्तिकांतून होत नाही.

मॅकेंड्रिक यांचा रसायनज्ञ आपल्या शोधाचे परिणाम ओळखत नाही. चौथ्या चित्रपटातील शास्त्रज्ञ ते पुरते ओळखतो. इशिरो होंडा यांचा ‘गोजिरा’ हा जपानी चित्रपट नोव्हेंबर १९५४ मध्ये प्रदर्शित झाला. जगाला तो ‘गॉडझिला’ या नावाने माहीत आहे आणि या नावाबरोबर रबरी पोशाखातला राक्षसच डोळ्यांपुढे येतो. मूळ चित्रपट शोकगंभीर आहे. १ मार्च १९५४ रोजी अमेरिकेने बिकिनी बेटांवर केलेल्या हायड्रोजन बॉम्बच्या चाचणीतील राख एका जपानी मासेमारी नौकेवर पडली. नौकेवरचे २३ खलाशी किरणोत्साराने आजारी झाले. त्यांपैकी एकाचा त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये मृत्यू झाला. चित्रपटाची सुरुवात समुद्रावरच्या प्रखर उजेडाने आणि बुडणाऱ्या नौकेने होते. त्यावेळच्या जपानी प्रेक्षकाला त्याचा अर्थ सांगण्याची गरज नव्हती. बॉम्बच्या चाचण्यांनी जागा झालेला प्राणी टोकियो जाळतो. संसदेतील एका दृश्यात परराष्ट्रसंबंध बिघडतील म्हणून सत्य दडवावे असे काही सभासद म्हणतात, आणि स्त्रिया उभ्या राहून ते उघड करण्याची मागणी करतात. सेरिझावा या शास्त्रज्ञाजवळ त्या प्राण्याला मारू शकेल असा शोध आहे. पण तो राज्यकर्त्यांच्या हाती पडला तर नवे अस्त्र जन्माला येईल हे तो जाणतो. म्हणून तो आपली टिपणे जाळतो आणि शोधाबरोबर स्वतःचाही अंत करून घेतो.

१९५६ साली अमेरिकन वितरकांनी हा चित्रपट आपल्या प्रेक्षकांपुढे आणला, तेव्हा मूळातील बराच भाग काढून एका अमेरिकन पत्रकाराची भूमिका त्यात घुसविली आणि अण्वस्त्रांवरची टीका पातळ केली. मूळ आवृत्ती अमेरिकेत व्यापक प्रमाणावर प्रदर्शित व्हायला २००४ साल उजाडले. ‘मेट्रोपोलिस’ची कात्री आणि ‘गोजिरा’ची कात्री यांचा विचार एकत्र केला पाहिजे. ‘करमणूक’ म्हणून जे आपल्यापर्यंत पोचते ते पुष्कळदा व्यापाऱ्याने आधीच चाळून घेतलेले असते. भारतीय वाचकाने आणखी एक संदर्भ ध्यानात ठेवावा : त्याच बिकिनी चाचणीनंतर, २ एप्रिल १९५४ रोजी, पंडित नेहरूंनी लोकसभेत अणुचाचण्या थांबविण्याच्या कराराची मागणी केली होती. १९७४ आणि १९९८ या सालांनंतर ती मागणी आपल्या देशात किती क्षीण झाली, याचाही विचार चर्चेत यावा.

पाचवा चित्रपट पक्षकार्यकर्त्यांना सर्वांत अधिक टोचेल. तो दाखविण्याचे कारणही तेच आहे. लिझी बॉर्डन यांचा ‘बॉर्न इन फ्लेम्स’, १९८३. काळ : अमेरिकेत शांततामय मार्गाने समाजवादी सत्तांतर होऊन दहा वर्षे लोटली आहेत. ध्वज बदलले, भाषणे बदलली. परंतु कामावरून काढताना पहिली पाळी स्त्रियांचीच येते, रस्त्यावर त्यांना त्रास होतो तो तसाच, आणि तक्रार केली की ‘क्रांतीची वेळ नाजूक आहे, थोडे थांबा’ असे उत्तर मिळते. बायका शिट्ट्या वाजवीत सायकलींवरून येऊन संकटात सापडलेल्या स्त्रीची सुटका करतात. दोन स्वतंत्र नभोवाणी केंद्रांवरून, एक काळ्या स्त्रियांचे व एक गोऱ्या स्त्रियांचे, त्यांचा आवाज घुमत राहतो. पक्षाच्या नियतकालिकात काम करणाऱ्या संपादिका आधी पक्षाची बाजू सावरून धरतात. एक कृष्णवर्णी कार्यकर्ती पोलिसांच्या कोठडीत मरण पावल्यावर मात्र त्यांना गप्प बसवत नाही.

हा चित्रपट अल्प पैशांत, काही वर्षे तुकड्यातुकड्यांनी चित्रित झालेला आहे. त्याची ठिगळे दिसतात. यंत्रे, याने, नवी नगरे यांतले त्यात काहीही नाही. भविष्यकाळ आहे तो केवळ सत्तेच्या रचनेत. त्याच्या अखेरीस येणारा स्फोट आपल्या अहिंसक परंपरेत बसणारा नाही आणि त्याचे समर्थन करण्याचे कारण नाही. परंतु मालकी बदलली की बाकीचे सारे आपोआप सुटेल, असे आपण वर्षानुवर्षे स्त्री-कार्यकर्त्यांना आणि दलित कार्यकर्त्यांना सांगत आलो. त्या गृहीतकाला इतका थेट प्रश्न विचारणारा दुसरा विज्ञानपट नाही.

शेवटचा चित्रपट अलीकडचा : अ‍ॅलेक्स रिव्हेरा यांचा ‘स्लीप डीलर’, २००८. मेक्सिकोतील एका खेड्याजवळची नदी कंपनीने धरण बांधून अडविली आहे. गावकऱ्यांना आपल्याच नदीचे पाणी बंदुकीच्या पहाऱ्यात पैसे मोजून घ्यावे लागते. मेमो नावाच्या तरुणाने छंद म्हणून बनविलेल्या रेडिओमुळे कंपनीला संशय येतो आणि दूर कोठेतरी बसलेल्या वैमानिकाने चालविलेले मनुष्यविरहित विमान त्याच्या वडिलांचा बळी घेते. मेमो सरहद्दीवरच्या टिहुआना शहरात कामाला जातो. सरहद्द आता बंद आहे. मजुराने अमेरिकेत जायचे नाही. त्याच्या शरीरात जोडण्या बसविल्या जातात, तारा लावल्या जातात, आणि मेक्सिकोतील कारखान्यात उभे राहून तो अमेरिकेतल्या इमारतीवरचा यंत्रमानव चालवितो. त्या देशाला मजुराचे श्रम हवे आहेत. मजूर नको आहे. त्याचे घर, त्याचे आजारपण, त्याचे मत यांची जबाबदारी कोणावरच नाही.

२००८ साली ही अतिशयोक्ती वाटली असेल. आज आपल्या शहरांत मोबाइलवरच्या हुकमाने घरोघरी जेवण पोचविणाऱ्या तरुणाला आपला मालक कोण हे सांगता येत नाही. त्याची मजुरी, त्याचे काम आणि त्याची हकालपट्टी एक अदृश्य गणित ठरविते. २०२० सालच्या सामाजिक सुरक्षा संहितेने अशा श्रमिकांचा प्रथमच कायद्यात उल्लेख केला खरा, पण त्यांना ‘कर्मचारी’ म्हणून स्थान दिले नाही. चापेक यांच्या वेठीचा अर्थ शंभर वर्षांनी पुन्हा ताजा झाला आहे, आणि या वेळी यंत्रमानवाच्या आत एक जिवंत माणूस बसलेला आहे.

या शिफारशीवर दोन आक्षेप येतील. पहिला, की हे सारे परदेशी आहे. शेतमजुराला किंवा आशा सेविकेला त्याचे काय? त्यावर एवढेच म्हणता येईल, की पाणी अडविणारे धरण, बंद पडणारी गिरणी आणि ‘थोडे थांबा’ म्हणणारा पुढारी हे कोणत्याही एका देशाचे नाहीत. भाषेची अडचण खरी आहे. पण ती पार करता येण्याजोगी आहे. पहिले दोन मूकपट आहेत. त्यांच्या पाट्या एखाद्या कार्यकर्त्याने आधी मराठीत उतरवून मोठ्याने वाचल्या की झाले. उरलेल्यांसाठी आरंभी दहा मिनिटांत कथासार सांगावे आणि मोक्याच्या ठिकाणी चित्रपट थांबवून संवाद समजावून द्यावेत.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे : चित्रपट पाहून संघटना उभी राहत नाही. खरेच राहत नाही. तथापि एखाद्या कारखान्यात वा कचेरीत नवे यंत्र येते, तेव्हा आपला कार्यकर्ता वाटाघाटीच्या टेबलाशी काय मागणार, हे त्याच्या कल्पनाशक्तीवर अवलंबून असते. ज्याच्या मनात ‘यंत्र नको’ किंवा ‘यंत्र येऊ द्या’ एवढे दोनच पर्याय आहेत, तो नोकऱ्या वाचविण्यापलीकडे जाणार नाही. बहुधा त्याही वाचणार नाहीत. कामाचे तास कमी करा, वाचलेल्या श्रमाचा वाटा द्या, यंत्र बसविण्यापूर्वी आम्हाला विचारा, त्याचे गणित उघड करा, या मागण्या सुचण्यासाठी वेगळ्या व्यवस्थेचे चित्र आधी डोळ्यांपुढे यावे लागते.

प्रत्येक जिल्हा शाखेने महिन्याला एक याप्रमाणे सहा महिन्यांत हे सहा चित्रपट दाखवावेत. चित्रपटानंतर व्याख्यान नको. चर्चा हवी, आणि ती तीन प्रश्नांभोवती व्हावी. या कथेतील यंत्र कोणाच्या मालकीचे आहे? त्याने वाचविलेला वेळ कोणाला मिळाला? आणि ते आणण्यापूर्वी कोणाला विचारले नाही? आरंभ ‘द मॅन इन द व्हाइट सूट’पासून करावा, आणि त्या दिवशी धुणीभांडी करणाऱ्या, बांधकामावर राबणाऱ्या, यंत्रमागावर उभ्या राहणाऱ्या भगिनींना अगत्याने बोलवावे. घरमालकिणीने सिडनीला जे विचारले त्याचे उत्तर आपल्यापाशी आहे की नाही, हे त्यांच्यासमोर बोलतानाच कळेल.